डावी बाजू आत्याबाईची

वहिनी, परवा कोजागिरीला अकोल्यात ‘अगस्ती’ उडालं. तुम्ही नव्हता, तरी उडालं. हे तुम्हाला कोणीतरी नीट सांगायला हवं, आणि दादाच्या भरवशावर राहिलं तर झालंच. तो एवढंच म्हणेल, “बरं झालं.” त्याचं सगळंच बरं होतं. मला मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं आहे आणि मधूनमधून भांडायचंही आहे. भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात, म्हणून मी गप्प बसेन असं वाटलं असेल तर दिराला ओळखलंच नाही तुम्ही.

तुम्ही गेल्यापासून अमरावतीच्या राजापेठेतल्या घरी माणसं भेटायला येतात आणि काहीबाही बोलतात. एकदा एक बाई म्हणाल्या, “फार सोशिक होत्या हो.” मी चहाचा कप खाली ठेवला. सोशिक? नाटकाच्या तालमीत माझ्या अंगावर टिनाचा कर्णा फेकणारी बाई सोशिक? दुसरे एक गृहस्थ म्हणाले, घरसंसारात रमलेली बाई होती. मंगळाच्या राजाला “काहून आला बे?” असं विचारायला लावणारी बाई घरसंसारात रमलेली होती म्हणे! ते कोणा दुसऱ्याच्याच वहिनीबद्दल बोलत असावेत अशी मी समजूत करून घेतली. पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तुम्ही कोण होता हे दोन गावं सोडून कोणाला ठाऊकच नाही, याचं फार वाईट वाटलं.

म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्हाला हे पाठ आहे, पण उद्या दुसऱ्या कोणी वाचलं तर त्यालाही कळायला हवं.

राजापेठेच्या शारदोत्सवात अष्टमीला पौराणिक नाटक व्हायचं. त्या वर्षी देवांच्या कपड्यांची पेटी वेळेवर आलीच नाही. मंडपात सगळे डोक्याला हात लावून बसलेले. तुमच्या लग्नाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. तुम्ही पदर खोचून मधे उभ्या राहिलात आणि म्हणालात, “देवाचे कपडे नाई आले तं नसू द्या. जिथचे कपडे कोनी पाह्यलेच नाई, अशा जागी जाऊ.” दादा शाळेत विज्ञान शिकवायचा. अग्निबाणावरचा कुठला तरी लेख त्यानं घरी वाचून दाखवला होता. तेवढ्या भांडवलावर तुम्ही चार दिवसांत मंगळावर जाणारं यान उभं केलंत. यानाचं नाव ‘अगस्ती’, कप्तानाचं नाव शेषराव. कापसाच्या गठाणींना बांधतात त्या लोखंडी पट्ट्या वाकवून यानाचा सांगाडा झाला. मंगळाची माणसं तागाच्या पोत्यांत शिवून काढली. त्यांच्या पोशाखाला कोणी नावं ठेवू शकलं नाही, कारण खरे मंगळवासी कोणी पाहिलेलेच नव्हते.

आणि यानाचा मेंदू मी दिला. अकोल्याला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान नुकतंच थाटलं होतं. मोडीत निघालेला एक मोठा रेडिओ घेऊन मी गाडीनं अमरावतीला आलो. स्वयंपाकघरातलं जाळीचं कपाट तुम्ही रिकामं केलंत, आईच्या समोर, तिच्या लोणच्याच्या बरण्या जमिनीवर ठेवून. त्यात मी रेडिओचे काचेचे व्हॉल्व्ह बसवले आणि मोटारीची बॅटरी जोडली. बटण दाबलं की व्हॉल्व्ह आधी काळसर, मग लाल, मग नारिंगी व्हायचे. तो उजेड जाळीतून फार सुंदर दिसायचा. कपाटामागे टिनाचा कर्णा तोंडाला लावून तुम्ही बसायचं आणि यंत्राच्या आवाजात बोलायचं, असं ठरलं. कप्तान व्हायचा दिगांबर, पोस्टातला कारकून, ज्याचा आवाज पोस्टाच्या खिडकीत मावत नसे.

पहिल्याच प्रयोगात माझी चूक झाली. बटण दाबायला मला उशीर झाला. दिगांबरनं हात उंचावून विचारलं, “हे यंत्रा, सांग, वाट कोणती?” कपाट काळंठिक्कर. लोक वाट बघतायत. मी आत घामाघूम. आणि कपाटामागून तुमचा आवाज आला, “थांबा बाप्पा! आधी मले तापू तं द्या!”

मंडप हसून हसून आडवा झाला. व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी झाले, तुम्ही वाट सांगितलीत, यान मंगळावर उतरलं. दुसऱ्या दिवशी बाया तुम्हाला विहिरीवर विचारत होत्या, “तुमची आत्याबाई बरी हाय ना?” लोकांनीच तिला आत्याबाई केलं. हट्टी, सावकाश, तिरसट, पण वाट कधी न चुकणारी. तिच्यात तुम्हीच दिसत होता हे मी पुढच्याच तालमीत सांगितलं आणि तेव्हाच तो कर्णा अंगावर आला होता.

कोजागिरीला तोच प्रयोग आमच्या अकोल्याच्या आळीत झाला, आणि मग पायंडाच पडला. दरवर्षी एक नवी फेरी. अष्टमीला अमरावती, कोजागिरीला अकोला. आत्याबाईचं कपाट गोणपाटात बांधून बडनेऱ्यापर्यंत एक गाडी, तिथून दुसरी. सामानाच्या डब्यात चढवताना हमाल विचारायचे, “आत काय हाय?” आणि तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या, “माही नणंद हाय. जपून.”

नाटकं तर पुष्कळांची होतात. तुमच्या नाटकाला लागला लोकांचा पहारा. मागच्या फेरीतलं काही म्हणून ते विसरत नसत. तिसऱ्या फेरीत कप्तान शेषरावाचा डावा हात निकामी झाला होता. पाचव्या फेरीत दिगांबर विसरला आणि त्यानं डाव्या हातानं पाण्याचा तांब्या उचलला. लगेच मागून आवाज, “ओ कप्तान! हात कधी बरा झाला?” दिगांबरचा तांब्या तसाच अधांतरी. मी तुम्हाला म्हटलं, नाटक आहे, पुढच्या वेळी हाताचा विषयच काढू नका, लोक विसरतील. तुम्ही म्हणालात, “नाई भाऊजी. लोकायनं पाह्यलं म्हंजे झालं ते. आता ते पुसता येत नाई. पुसलं तं मंग बाकीचंबी खोटंच होते.” आणि सहाव्या फेरीत शेषरावाचा हात गुरूच्या एका चंद्रावरच्या वैदूनं बरा केल्याचा अख्खा प्रवेश तुम्ही लिहिलात. आधीच्या तांब्याचंही उत्तर दिलंत. त्या दिवशी म्हणे हाताला पहिल्यांदा थोडी हालचाल आली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोस्टात दिगांबरला हाताबद्दल विचारणारे भेटले. तो डावा हात पुढे करून दाखवायचा.

रशियानं आकाशात आपला गोळा फिरता ठेवला तेव्हा राजापेठेतल्या लोकांनी तुमचंच अभिनंदन केलं. जणू तुम्हीच त्यांना पत्ता दिला होता. तुम्ही मिरचीच्या फोडणीत ठसकत होता आणि म्हणालात, “आमचं अगस्ती कधीचं वर गेलं. त्यायले उशीर झाला.” मी एवढा हसलो की आई रागावली. मला तुमचा तो ताठा फार आवडायचा, वहिनी. कधी बोललो नाही. दिरानं वहिनीला असं कौतुकानं बोलायची आपल्या घरात पद्धत नव्हती, खोड्या काढायची तेवढी होती.

मग ट्रान्झिस्टर आला.

माझ्या दुकानात पहिला आला तेव्हा मी तो तीनदा उघडून बंद केला. हातात मावेल एवढी पेटी. काच नाही, तापणं नाही. बटण फिरवलं की गाणं हजर. मी खुळावलो होतो, हे आजही सांगतो. मी तुम्हाला म्हटलं, आता आत्याबाई बदलायला हवी. ग्रहांवर जाणारं यान आणि आत हे काचेचे दिवे? तुम्ही ऐकून घेतलंत आणि बोलला काहीच नाहीत, म्हणजे मानलं नाहीत.

त्या कोजागिरीची आठवण काढायला नको वाटते, पण काढल्यावाचून पुढचं कळणार नाही. अकोल्यात पहिल्या रांगेत गुलाबराव बसले होते, कापसाचे अडते, गळ्यात नवाकोरा ट्रान्झिस्टर. कप्तानानं वाट विचारली. तुम्ही नेहमीसारखं म्हणालात, “थांबा बाप्पा, तापू द्या मले.” आणि गुलाबरावांनी बटण फिरवलं. क्षणात सनई वाजायला लागली. ते उभे राहून म्हणाले, “आमचं तं तापल्याबिगर वाजून राहिलं! तुमची आत्याबाई म्हातारी झाली बाप्पा!”

सगळी आळी हसली. आजवर लोक आत्याबाईबरोबर हसत आले होते. त्या दिवशी तिला हसले. मी कपाटाशेजारी होतो, मला तुम्ही दिसत होता. कर्णा तोंडाशी तसाच धरलेला, आणि तोंडून शब्द नाही. दिगांबरनं कसंबसं निभावून नेलं.

दुसऱ्या दिवशी परतताना मी तुम्हाला मूर्तिजापूरपर्यंत सोडायला आलो. फलाटावर आपण चहा घेत होतो. पलीकडे शकुंतला, ती अरुंद रुळांची छोटी गाडी, यवतमाळकडे निघायच्या तयारीत वाफ सोडत उभी होती. मी पुन्हा तोच विषय काढला. नवं यान करा, नवा मेंदू करा, जुन्याचं नाव काढू नका. तुम्ही म्हणालात, “म्हंजे आतापरेंत जी वाट दाखवली थे खोटी?” मी म्हटलं, खोटी नाही, पण विज्ञान पुढे गेलं त्याला तुम्ही काय करणार? तुम्ही म्हणालात, “माह्याशी विज्ञानाचं बोलू नका. तुमच्या पेटीले जीव हाय हे समजाव कसं? थे तं तापतबी नाई.” माझा आवाज चढला, तुमचाही चढला. चहावाला आपल्याला नवरा-बायको समजून मला म्हणाला, “घ्या समजून साहेब.” तुम्ही एवढ्या रागातही फिस्सकन हसलात. गाडी आली, तुम्ही चढलात आणि खिडकीतून म्हणालात, “एक फेरी नाई झाली तरी चालीन. पन आत्याबाई फेकाची नाई.”

त्यावरून मी समजलो की आता फेऱ्या संपल्या.

दिवाळीनंतर तुम्ही माहेरी गेलात. तिथून परत आल्यावर मला बोलावणं धाडलंत. मी राजापेठेत पोचलो तर ओसरीवर आत्याबाईचं कपाट, आणि त्याच्याजवळ एक जुनं, झिजून गुळगुळीत झालेलं बैलांचं जू. हिवरखेडहून तुमच्या बाबांकडून मागून आणलेलं. मी म्हटलं, आता हे काय? तुम्ही म्हणालात, “भाऊजी, नवा गोऱ्हा पहिल्यांदा औताले धरतात तवा त्याच्या जोडीले कोन देतात? दुसरा गोऱ्हा? दोघंबी धुऱ्यावर, बांधावर जाऊन बसतीन. जोडीले म्हातारा बैल देतात. त्याच्यात जोर कमी, पन तास, औताची ओळ, त्याले ठाव हाय. गोऱ्ह्यात जोर हाय, तास ठाव नाई. वरीसभर संग चालले का मंग गोऱ्हा शिकते.” आणि कपाटावर हात ठेवून पुढे म्हणालात, “तुमची पेटी खोटी नाई. आमची आत्याबाईबी खोटी नाई. एका जुवाले जुंपू दोघायले.”

मी रेडिओतला माणूस. शेतीतलं मला ओ का ठो कळत नाही. पण हे मला लगेच कळलं. मी वर्षभर ज्या गाठीला दातांनी ओढत होतो ती तुम्ही बोटानं सोडवली होती. जे लोकांनी पाहिलं ते सगळं खरं राहणार होतं, आणि नवं यंत्रही यानावर येणार होतं. यान पृथ्वीवरून निघालं तेव्हा व्हॉल्व्हच होते, म्हणून त्यात व्हॉल्व्ह. वाटेत मागून निघालेलं दुसरं यान भेटतं, तिकडून नवा मेंदू मिळतो. चालतं औत ओळ अर्धी असताना कोणी सोडत नाही, म्हणून जुना मेंदू काढायचा नाही. नव्याचं नाव गोऱ्हा.

गोऱ्ह्याचा आवाज कोणाचा, हा प्रश्न मी सोडवला, तेवढं श्रेय मला द्या. आमच्या अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये प्रमिला काम करायची. तिचे वडील कचेरीत नोकरीला, घरात शिक्षणाचं वारं, मुलगी तडफदार. तिचं बोलणं पुस्तकातल्यासारखं शुद्ध, आणि वेग असा की तुमचा प्रश्न संपायच्या आत उत्तर. तुम्ही तिचं बोलणं ऐकून म्हणालात, “हाच गोऱ्हा. पळते, पन कुठं पळते त्याले मालूम नाई.” प्रमिला खो-खो हसली.

आणि पेटी कोणाची? तुम्ही सरळ गुलाबरावांच्या घरी गेलात. मी तुमच्यामागे, मान खाली घालून. तुम्ही ओट्यावर उभं राहून म्हणालात, “तुमच्याच पेटीनं आमच्या आत्याबाईले म्हातारी म्हनलं. आता तिलेच आत्याबाईच्या हाताखाली शिकू द्या.” गुलाबराव आधी लाल झाले, मग गोरेमोरे, आणि मग त्यांनी गळ्यातला ट्रान्झिस्टर काढून तुमच्या हातात दिला.

रंगीत तालमीला मी एक घोटाळा केला, तोही तुम्हाला आठवत असेल. बॅटरीची तार तोकडी पडत होती, म्हणून मी आत्याबाईला उजवीकडे सरकवलं आणि गोऱ्ह्याची पेटी डावीकडे ठेवली. काय फरक पडतो? तुम्ही कपाटामागे बसलात आणि बोलेचनात. दिगांबरनं दोनदा विचारलं, वाट कोणती? उत्तर नाही. मी डोकावलो. तुम्ही शांतपणे म्हणालात, “डावीकडचा बैल उजवीकडं जुंपला का अडून बसते. आत्याबाई पयल्या दिसापासून डावीकडं हाय. लोकायले लगेच दिसन.” मी कपाळावर हात मारला आणि लांब तार आणायला गेलो.

त्या कोजागिरीला काय झालं ते आळी अजून सांगते. पडदा उघडला. डावीकडे आत्याबाई, उजवीकडे गोऱ्हा, दोघांच्या डोक्यावर हिवरखेडचं जू. बाया-माणसं एकदम उठून बसली. त्यांना एका नजरेत सगळं समजलं, कोणाला एक शब्द सांगावा लागला नाही. कप्तानानं विचारलं, वाट कोणती? प्रमिलानं ताडकन उत्तर दिलं. साफ चुकीचं. यान उल्कांच्या रानात शिरलं. गोऱ्हा पुन्हा ताडकन, पुन्हा चूक. आणि मग जाळीत हळूहळू उजेड यायला लागला, काळसर, लाल, नारिंगी. तुम्ही म्हणालात, “झालं पळून? आता माह्या पावलानं चाल.” टाळ्या थांबेचनात. गुलाबराव उभे राहून ओरडत होते, “आमचाच हाय गोऱ्हा! शिकन, शिकन!” मी कपाटाशेजारी रडत होतो आणि हसतही होतो. तुम्ही कर्ण्यानं मला ढोसून म्हणालात, “बॅटरीकडं पाहा.”

त्यानंतरच्या फेऱ्यांत गोऱ्हा शिकत गेला. चुका कमी झाल्या. आता उत्तर द्यायच्या आधी तो आत्याबाईकडे बघून घ्यायचा. घराघरांत चुलीवर चहा ठेवला की पोरं म्हणायची, “थांबा बाप्पा, तापू द्या.”

आणि इथूनच आपलं राहिलेलं भांडण सुरू होतं. मी विचारत राहिलो, जू काढायचं कधी? तुमच्याच हिशेबानं गोऱ्हा शिकला की म्हातारा बैल सुटतो, गोठ्यात आरामात वैरण खातो. आत्याबाईला आराम द्या. गोऱ्ह्याला एकट्याला ओढू द्या. तुम्ही दरवर्षी म्हणायच्या, “पाहू पुढच्या साली.” यंदा पोळ्याला घरी आलो होतो तेव्हा मी तुम्हाला कोंडीतच पकडलं. म्हटलं, वहिनी, तुम्हालाच तिला सोडवत नाही, खरं बोला. तुम्ही ज्वारीचा ठोंबरा वाढत होता. वाटी पुढे सरकवून म्हणालात, “गोऱ्हा शिकला का नाई हे मी नाई ठरवाची, तुमीबी नाई. ज्यायनं पाह्यलं थे ठरवतीन.” मी म्हटलं, ही पळवाट झाली. तुम्ही म्हणालात, “गुळवणी घ्या.”

मग कावीळ, आणि मग सगळं आटोपलं. मला उत्तर द्यायला तुम्ही राहिला नाहीत. किती राग आला होता मला तुमचा! दादाला मिठी मारून रडलो आणि मनात तुमच्याशीच भांडत होतो. अजूनही घरात कोणी भांडं जोरात आपटलं की वाटतं, आल्या.

अमरावतीचा प्रयोग यंदा झाला नाही. घर दुःखात, कोण करणार? अकोल्याच्या आळीनं बैठक बोलावली. तुम्ही यंदाची फेरी उन्हाळ्यातच लिहून ठेवली होती, तिच्यात आत्याबाईची सगळी वाक्यं होती. पण ती बोलणार कोण? दिगांबर म्हणाला, दुसरी कोणी बसवा कपाटामागे. गुलाबराव म्हणाले, त्यांच्यासोबत आत्याबाईलाही जाऊ द्या, पुढच्या वर्षी नवं यान, नवी सुरुवात. माझ्याकडे सगळे बघत होते. मी तर कित्येक वर्षं जू काढा म्हणून बोंबलत होतो. आता काढा म्हणायला मला कोण अडवणार होतं? पण तोंडून निघेना. तुम्ही नसताना तो वाद मी जिंकला असता तर ती चोरी झाली असती.

मी दादाला विचारलं. तो म्हणाला, “कपाट ने. डावीकडे ठेव. मागं कोणाला बसवू नको.”

तसंच केलं. परवा पडदा उघडला तेव्हा डावीकडे आत्याबाई होती, उजवीकडे गोऱ्हा, वर जू. कपाटामागे तुमचा पाट, त्यावर टिनाचा कर्णा. लोकांना माहीत होतं तुम्ही नाही आहात. पहिल्या रांगेत दादा, हात गुडघ्यांत घालून बसलेला. माझा हात बटणावर. मला भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची. लोकांना कीव येईल, ते हळहळतील, आणि आत्याबाई कायमची मरेल.

दिगांबर पुढे आला. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान वाटला. “सांगा, वाट कोणती?”

मी बटण दाबलं. व्हॉल्व्ह काळेच. प्रमिलानं आता उत्तर द्यायचं, असं ठरलं होतं. गोऱ्हा एकटा ओढणार. पण ती बोलेना. जिचं उत्तर कधी प्रश्न संपायची वाट बघत नसे ती गप्प. मी घाबरून तिच्याकडे पाहिलं. ती पेटीमागे बसून जाळीकडे बघत होती. आणि मग बोलली. नेहमीचं पुस्तकी बोलणं नाही, तुमच्याच बोलीत, तुमच्याच सावकाश चालीनं. “थांबा बाप्पा. आत्याबाईले तापू तं द्या.”

मग बायांच्या बाजूनं कोणीतरी म्हणालं, “तापू द्या!” मग पुरुषांकडून. मग पोरं. मग अख्खी आळी, गच्चीवरची, ओट्यावरची, झाडावर चढलेली, सगळ्यांनी एका दमात, “थांबा बाप्पा! तापू द्या!” व्हॉल्व्ह लाल झाले. लोक थांबेनात. नारिंगी झाले. गुलाबराव दोन्ही हात वर करून ओरडत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. दिगांबरनं डावा हात उंचावून पुन्हा विचारलं, वाट कोणती? प्रमिलानं वाट सांगितली. बरोबर सांगितली, वहिनी. एकही वळण चुकलं नाही. ‘अगस्ती’ शनीच्या कड्यांतून सुखरूप पार झालं. माझ्या उभ्या आयुष्यात मी अशा टाळ्या ऐकल्या नाहीत, आणि त्या सगळ्या तुमच्या होत्या.

दादा रंगमंचावर आला. जाळीवर तळवा ठेवून उभा राहिला. मी वाट बघत होतो, आता म्हणेल बरं झालं. तो म्हणाला, “गरम आहे.”

दूध आटत होतं, लोक हलायला तयार नव्हते. आवराआवर सुरू झाली तेव्हा गुलाबराव माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “मनोहर, आता शिकला गोऱ्हा. जू काढायचं का?” तुम्ही म्हणाला होता ना, पाहणारे ठरवतील म्हणून? तर ते तसे विचारायला आले. मी काही बोलायच्या आत मागून पाच-सहा जणांनी एकदम त्यांना दटावलं, “हात लावू नका हो!”

तेव्हा निकाल लागला. मी विरुद्ध बाजूचा, तरी मला आयुष्यात कुठल्या गोष्टीचा एवढा आनंद झाला नाही. गोऱ्हा शिकला, हे माझं खरं ठरलं. आणि जू डोक्यावर तसंच राहिलं, हे तुमचं.

काल सकाळच्या गाडीनं कपाट राजापेठेला परत नेलं. बडनेऱ्याला हमालानं विचारलं, “आत काय हाय?” मी म्हणालो, “माही वहिनी हाय. जपून.”

त्यानं खरंच जपून उतरवलं.